नाही म्हणणारे कदम सर

विमानाला सगळीकडून हात लावल्याशिवाय कदम सर त्यात बसत नसत. पंखाची कड, चाकं, पुढचा पंखा, सगळ्यावरून तळहात फिरवत ते फेरी मारायचे आणि आम्हालाही मारायला लावायचे. कुणी लांबूनच बघितलं की ओरडत, "जत्रंत आलाईस व्हय रं? हात लाव!"

सर वडूजचे, सैन्यातून निवृत्त झालेले. आमच्या कृष्णाकाठच्या धावपट्टीवर ते दोन माणसांचं छोटं विमान उडवायला शिकवत. त्यांचं निम्मं शिकवणं जमिनीवरच चाले. "उसाचं तुरं कुनीकडं वाकल्यात बघ, वारं तितनं कळतंय." "पळताना वेगाचा काटा उठला न्हाई, तर तू बी उठू नगंस."

मी पहिल्यांदा एकटी उडणार होते तो दिवस दसऱ्याचा. धावपट्टी चालवणाऱ्या संस्थेच्या चेअरमननी मुहूर्त काढला, मंडप घातला, सांगलीहून माझ्या आई-पप्पांना बोलावलं. माझी विमानाची तपासणी झाली आणि मग पूजा. चेअरमनच्या सौभाग्यवतींनी ओल्या हळदी-कुंकवाची बोटं विमानभर ओढली. पंखाखाली एक बारीक नळी असते, तिच्यात वारा शिरतो म्हणून वेगाचा काटा हलतो. तिलाही भक्तिभावाने लेप बसला. सरांनी पुन्हा हात फिरवला, बोट लाल झालं.

"आज उडायचं न्हाई."

"फुंकर मारा की, निघंल," चेअरमन म्हणाले. "मुहूर्त टळतोय."

"फुंकर चुलीत मारा! आवं, नळीत फुकलं तर आतलं यंत्रच बिघडंल. मिस्त्री खोलून बघंल, मगच पोरगी वर जाईल."

मिस्त्रीने नळी उघडली, तर आत कुंकवाचा बोळा. सगळ्यांनी डोळ्यांनी पाहिला. तरी त्याच आठवड्यात सरांना घरी बसवलं. कारण काय, तर त्यांनी भावना दुखावल्या! मुहूर्ताच्या घाईत काट्याकडे बघायचं राहिलं असतं, तर वर गेल्यावर मला वेगच कळला नसता आणि विमान उसात पडलं असतं, त्याचं कुणाला काही नाही. माझे पप्पासुद्धा म्हणाले, "सणासुदीला जरा गोडीनं सांगायचं होतं." अजून आठवलं की मस्तकात तिडीक जाते. माझ्या जिवापेक्षा यांना गोडी प्यारी!

मी चिडून शिकणं सोडलं आणि ते सांगायला वडूजला गेले. सर अंगणात शेंगा फोडत बसले होते. ते माझ्यावरच भडकले.

"माज्यापाई सोडलंस? लय शानी! जा माघारी. उडवाय कोन बी शिकवंल. तितं न्हाई म्हननारं कोन तरी पायजे का नगं?"

मी परत गेले. आता मी तिथेच शिकवते.

गेल्या महिन्यात सर वारले. आणि ज्यांनी त्यांना हाकललं त्यांनीच धावपट्टीवर शोकसभा भरवली. फ्लेक्सवर 'आमचे आधारस्तंभ' म्हणून सरांचा एवढासा फोटो आणि शेजारी हात जोडलेले भलेमोठे चेअरमन. लाज कशी ती नाहीच. भाषणं संपल्यावर चेअरमननी झेंडूच्या पाकळ्यांची पाटी माझ्यापुढे ठेवली. "एक चक्कर मार, वरनं फुलं टाक. पाहुणे थांबल्यात."

वारा धावपट्टीला आडवा होता आणि जोरही धरत होता. अशा वाऱ्यात छोटं विमान उतरताना कलंडतं.

"नाही," मी म्हणाले.

"अगं, तुझ्या सरांसाठी!" माईक चालूच होता, सगळ्या मंडपाने ऐकलं. सरांच्या पत्नी पहिल्या रांगेत बसल्या होत्या. त्यांच्याकडे बघायचा मला धीर झाला नाही.

"वारा आडवा आहे," मी म्हणाले आणि मिस्त्रीला विमान आत ढकलायला सांगितलं. तेवढ्यात पहिल्या रांगेतून आवाज आला, "थांब गं, मी बी हात लावते." बाई पदर खोचून उठल्या होत्या.