ब्रेक ओरडला म्हणून गाडी भंगारात?

मी म्हातारी झाले, मान्य. गाडी म्हातारी झाली, तेही मान्य. पण ब्रेक ओरडतो म्हणून आम्हा दोघींना घरी बसवायचं, हे मला मान्य नाही. मुलाला तसं सांगितलं तर म्हणतो, "आई, भाषण नको. किल्ली दे." आणि घेतलीच त्याने किल्ली.

ही मोटारसायकल माझ्या नवऱ्याची. आम्ही धुळ्याकडून सिल्वासाला आलो, ते कारखान्यात लागले, तेव्हा घेतलेली. मला चालवायला त्यांनीच शिकवलं. ते गेल्यावर मी तिच्यावर गलोंड्याला डबे न्यायला लागले. तिथल्या कारखान्यांत आपल्याकडची माणसं आहेत, त्यांना कळण्याची भाकरी, शेवभाजी आणि ठेचा लागतो. पंजाबी ड्रेस घालते, मागे डब्यांचा क्रेट बांधते आणि निघते. किल्ली नाही तर डबे नाहीत. आणि डबे नाहीत तर सकाळी उठून मी करायचं काय? खिडकीत बसून रस्ता बघायचा?

झालं असं, की दसरा उलटला आणि पुढचा ब्रेक ओरडायला लागला. ओरडणं तरी कसलं! दाबला की चौकातली माणसं वळून बघायची. कोपऱ्यावरच्या मेकॅनिककडे नेली. तो गुजराती, माझ्या मुलाच्याच वयाचा, मला मासी म्हणतो. त्याने चाक उघडलंसुद्धा नाही. "मासी, बुढ्ढी हो गई. अब छोड दो."

"कोण? गाडी की मी?"

"दोनों," म्हणाला आणि हसला मेला. शेजारी माझा मुलगा उभा, तोही हसला. तिथेच माझं डोकं फिरलं.

मुलाला म्हटलं, "भंगारवाल्याला इतक्यात बोलवायचं नाही. मी उघडते चाक."

"तू?"

"मग कोण? या घरात मिक्सर बिघडला की कोण उघडतं? शिलाई मशीन कोण उघडतं?"

घरासमोरच गाडी स्टँडवर घेतली, इंजिनाखाली विटा लावल्या. केबली सोडल्या, आस ओढून काढला, चाक बाहेर. नाकाला ओला रुमाल बांधला, कारण ब्रेकची धूळ छातीला वाईट. ती फुंकायची नाही, ओल्या फडक्याने पुसायची. आत अर्ध्या चंद्रासारखे दोन तुकडे असतात, त्यांना ब्रेक शू म्हणतात. ब्रेक दाबला की ते आतून ड्रमला घासतात आणि चाक थांबतं. माझे शू बघितले तर काचेसारखे गुळगुळीत! म्हटलं, सापडलं. पॉलिश पेपरने खरखरीत केले, कडा जराशा उतरवल्या, चाक परत बसवलं. गल्लीपुरती किल्ली मागून घेतली, पुढे गेले, ब्रेक दाबला.

कींऽऽऽ!

मुलगा दारातून, "आई, लावू फोन भंगारवाल्याला?"

"तुझ्या फोनला आग लागो," म्हटलं.

राग आला की मला भूक लागते. हात साबणाने खसाखसा धुतले, भाकरी घेऊन बसले. घास तोंडाशी नेला तर बोटांना वास. डिझेलचा! आता मला सांगा, गाडी पेट्रोलची, मग चाकात डिझेल आलं कुठून?

मुलाला हाक मारली. "दसऱ्याला गाडी कुठे धुतलीस रे?"

"वॉशिंग सेंटरला. फुल वॉश केला. वरून डिझेलही मारून घेतलं, चकाकायला…" आणि जीभ चावली.

"चाकांवरही?"

"सगळीकडे, आई."

बिचाऱ्याने हौसेने केलं होतं. झेंडूचा हार घालून गाडी दारात उभी केली तेव्हा मीच तिची दृष्ट काढली होती. पण डिझेल प्यायलेला शू कितीही घासा, तापला की आतलं तेल पुन्हा वर येतं. नवेच टाकायला हवेत. तशीच उठले आणि मेकॅनिककडे गेले.

"भाऊ, पुढचे ब्रेक शू दे."

"किसके लिये, मासी?"

"बुढ्ढी के लिये."

ड्रम साबणाच्या पाण्याने धुऊन कडक उन्हात वाळवला. शू पसरवणारा मधला तुकडा फिरतो तिथे नखाएवढंच ग्रीस लावलं. नव्या शूंना ग्रीसचं बोट लागू दिलं नाही. शेवटचा नट आवळताना ब्रेक दाबून धरावा लागतो, म्हणजे शू ड्रमच्या मधोमध बसतात. एकटीने ते जमेना.

"ये इकडे. दाबून धर. मी सांगेपर्यंत सोडू नको."

आला निमूट. हाताला रग लागली तरी सोडला नाही त्याने.

मग त्याला मागे बसवलं आणि दुधनीच्या रस्त्याला लागले. तिकडे चांगला उतार आहे. गाडी उतरू दिली, वेग येऊ दिला. "आई, हळू!" म्हणून त्याने माझा खांदा पकडला, तेव्हा दाबला ब्रेक. गाडी थांबली. आवाज म्हणाल तर बाजूच्या शेतातल्या पंपाचा तेवढा येत होता.

"हं," मुलगा म्हणाला.

"हं काय?"

"थांबली."

"मग?"

दुसऱ्या दिवशी गलोंड्याला डबे वेळेवर पोचले. किल्ली त्याने मागितली नाही, मी दिली नाही.

या दसऱ्याला सकाळीच विचारायला लागला, "आई, किल्ली दे ना, गाडी धुऊन आणतो."

मी त्याच्या हातात बादली दिली. "इथेच धू. आणि डिझेलचं नाव काढलंस, तर भंगारवाल्याला मी बोलावेन. तुझ्यासाठी."