अंगणातली खरखर

रेकॉर्डरचं कार्ड खराब झालं, असं मी तिला सांगितलं होतं. ते खोटं होतं. हे आधीच सांगून टाकतो, नाहीतर तिच्याविषयी लिहिताना माझा हात अडखळत राहील.

तिची सवय अशी, की बोलता बोलता एकदम उजवा हात वर करायची आणि म्हणायची, "जरा दम धरा. येऊ द्या." काय येऊ द्यायचं, ते समोरच्याला कळायचं नाही. तिला आवाज आलेला असायचा. सायकलच्या चेनचा, पत्र्यावर चालणाऱ्या कावळ्याचा, कशाचाही.

केजला माझा फोटो स्टुडिओ आहे. लग्नं, बारशी, ओळखपत्रांचे फोटो. ती नांदूरघाटहून कॉलेजला यायची आणि दुपारी माझ्याकडे कॅमेरा शिकायला. नीट बसायची नाही; स्टुलाच्या कडेला टेकून पाय हलवत राहायची. तुम्हीही अशी एखादी पोर पाहिली असेल, जिला दारात चप्पल काढण्याएवढाही धीर नसतो.

एकदा तिला हळदीच्या शूटिंगला नेलं. नवरीचा मामा मानपानावरून आवाज चढवून बोलत होता. हिनं सरळ त्याच्यापुढे हात वर केला. मामा खरंच गप्प झाला. मग माझ्याकडे वळून म्हणाला, "शिकाऊ पोरगी आणलीस का हवालदारीण, रं?" तिचं लक्षच नव्हतं. ती जात्यावरच्या बांगड्यांचा आवाज घेत होती.

फोटो काढला की त्याच जागी उभं राहून ती थोडा वेळ आवाज घ्यायची. माझा छोटा रेकॉर्डर तिनं त्यासाठी जवळपास बळकावलाच होता. धारूरच्या किल्ल्याचा तिचा एक फोटो होता. नुसती भिंत आणि ऊन. आवाजात मात्र शेळ्या, आणि कुणाला तरी खाली ये म्हणून ओरडणारी बाई. ही बाई फोटोत कुठे आहे, मी विचारलं.

"माज्या पाठीमागं," ती म्हणाली. "फोटोत समोरचंच येतं, सर. पाठीमागचं कुनी घ्यायचं?"

मला ते पटायचं नाही. लग्नाच्या फिल्ममधला मूळ आवाज आम्ही आधी काढून टाकतो. जनरेटर, रुसवेफुगवे, माइकवरचा खोकला, सगळं पुसायचं आणि वर सनई टाकायची. हाताला तीच सवय.

त्या वर्षी दिवाळीनंतर तिचे आईवडील ऊसतोडीला निघाले. ती मावशीकडे राहणार होती. निघायच्या सकाळी तिनं माझा कॅमेरा आणि रेकॉर्डर नेला. घराच्या दाराचे फोटो आणि त्या सकाळचा आवाज, असं एकत्र तिला कॉलेजच्या प्रदर्शनात दाखवायचं होतं. दोन्ही कार्डं माझ्या हातात देताना बजावून गेली, "आवाजाला हात लावू नका, सर. नुसतं जोडा."

मी हेडफोन लावला. नुसती खरखर. मधेच बैलाच्या गळ्यातली घंटी, पुन्हा खरखर. दुसऱ्या दिवशी गेवराईचं लग्न होतं. मी फोटो उतरवून घेतले, त्यांच्याखाली बासरी टाकली आणि कार्डं पुसून लग्नाच्या पिशवीत ठेवली. पोरीचं काम चांगलं करून देतोय, असंच वाटत होतं.

प्रदर्शनात बासरी सुरू झाली. लोक भारावून बघत होते. एका प्राध्यापकांनी माझी पाठ थोपटली. तिनं सवयीनं हात वर केला होता, तो तसाच राहिला. मग माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाली, "आवाज कुटं हाय, सर?"

लई खरखर होती, मी म्हणालो.

"खराटा व्हता त्यो. आय आंगण झाडत व्हती."

आमच्याकडे माणूस गावाला निघाला की त्याच्या पाठीमागे लगेच झाडत नाहीत. म्हणून उसाला जाणारी बाई निघण्याआधी स्वतः अंगण झाडते आणि मग कुलूप लावते. हे मला लहानपणापासून ठाऊक. तरी कानाला ओळखू आलं नाही.

फिल्मचं जाऊ द्या, ती म्हणाली, मूळ आवाज तेवढा द्या, मावशीकडे ऐकत जाईन. तेव्हा मी म्हणालो, कार्ड खराब झालं. तिनं उलट माझ्याच नुकसानीची चौकशी केली.

पुढच्या वर्षी तिनं पुन्हा आवाज घेऊन पाहिला. पण आईला आता रेकॉर्डर ठाऊक झाला होता. "फोटोला उभारल्यावानी झाडती आता," ती हसत म्हणाली आणि माझ्यासमोरच तो आवाज पुसून टाकला. मग ती पुण्याला शिकायला गेली. स्टुलावर गिऱ्हाइकं बसतात, सांगितलं तशी स्थिर. मला मात्र हल्ली कुठलाच आवाज धड पुसता येत नाही. एकेका लग्नात अडकून बसतो. पुसतो, परत आणतो, उठून दारात जाऊन येतो.

परवा नांदूरघाटला बारशाचे फोटो काढायला गेलो होतो. काम आटोपल्यावर पाय तिच्या घराकडे वळले. दाराला कुलूप, आईबाप उसाला गेलेले. अंगणात लिंबाचा पाला साचलेला, खराटा भिंतीशी उभा. मी त्याला हात लावला नाही. रेकॉर्डर चालू केला आणि हात वर केला, मलाच गप्प करायला. कुत्रं भुंकलं. पाठीमागून मोटारसायकल गेली. माझा श्वासही आत आला असणार. मग बोललो, आणि काहीही न कापता सगळं तिला पाठवून दिलं.

"कार्ड खराब झालं न्हवतं, पोरी. मीच पुसलं आणि तुझ्याशी खोटं बोललो. तुझ्या आईचा खराटा मला ओळखू आला न्हाई. माफ कर मला."