काहीही होवो, 'मंगल झालं'

आमच्या आदिलाबादच्या स्टुडिओत प्रज्वल स्वतःला इंजिनिअर म्हणवून घेतो. लग्नांचं शूटिंग मी करतो, मांडवात घाम मी गाळतो, आणि हा एसीत बसून पायथनच्या चार ओळी लिहितो. ऐट मात्र अशी, की जणू रॉकेट सोडून आलाय.

त्याच्या प्रोग्रामचं काम साधं. कॅमेऱ्याचं कार्ड लावलं की कॉम्प्युटरला हुकूम सोडायचा, सगळं मोठ्या डिस्कवर उतरव. मग कार्ड पुसायचं. हुकूम पार पडला तर कॉम्प्युटर शून्य परत देतो, फसला तर दुसरा आकडा. तो आकडा तपासणारी एक ओळ सुरुवातीला होती. एकदा नवरीकडचे लोक समोर बसलेले असताना पडद्यावर तांबड्या अक्षरांत 'काम फसलं' आलं आणि आमचे मालक सुधाकरराव खवळले. हा माणूस संध्याकाळी दुकान बंद करत नाही, 'वाढवतो'.

"लगनाच्या लोकाइसमोर असं अशुभ दाखवते काय बे? काढ ते!"

शहाण्यानं शब्द बदलला असता. आमच्या विद्वानानं तपासायची ओळच उडवली. तेव्हापासून काहीही होवो, पडद्यावर 'मंगल झालं' येतं आणि कार्ड पुसलं जातं.

भीमपूरच्या रुख्मिणीच्या हळदीला तिच्या आजीनं, पंचफुलाबाईनं, तासभर गाणी म्हटली होती. महिन्याभरात म्हातारीला लकवा मारला, वाचा गेली. रुख्मिणी तिला ऑटोत बसवून घेऊन आली. आजीला तिचाच आवाज ऐकवायचा होता.

मी केलेल्या त्या हळदीच्या शूटिंगचा फोल्डर रिकामा निघाला. त्या दिवशी डिस्क भरलेली होती, काहीच उतरलं नव्हतं. पुसलेल्या कार्डावर मी पुढं तीन लग्नं घेतली होती.

"कॉपी झाली का नाई, तपासलं होतं काय तू?" मी विचारलं.

"प्रोग्राम तर मंगल झालं म्हणे," प्रज्वल बोलला. स्वतः लिहिलेलं वाक्य हा निर्लज्ज साक्षीला काढत होता! त्याच्या कानाखाली वाजवावीशी वाटली मला.

रुख्मिणी त्याच्याकडे वळली. मग म्हणाली, "तर मंग तुमच्या प्रोग्रामलेच गाणं म्हणायले लावा."

मागे बाकावर पंचफुलाबाईनं चालत्या हातानं पदर कानामागे सारला आणि गाणं लागायची वाट पाहत बसली.