कोचबाईंचा आवाज

वाचा-उपचार केंद्रातली पोरं त्याला वायरमामा म्हणायची. गळ्यात कायम एखादी केबल, वरच्या खिशात स्क्रू-ड्रायव्हर आणि तोंडात एकच प्रश्न : "बंद करून चालू केलं का?" पोरांचं ऐकून मोठेही तेच म्हणू लागले, आणि त्याचं खरं नाव पगाराच्या दिवसापुरतं उरलं.

केंद्राच्या वरच्या मजल्यावर फोम लावलेल्या भिंतींची एक छोटी खोली होती. घशाच्या ऑपरेशनमध्ये ज्यांचा आवाज कायमचा जाणार असे, ती माणसं आधी तिथे येऊन माइकपुढे वाक्यांमागून वाक्यं वाचत. त्या रेकॉर्डिंगवरून पुढे संगणकात त्यांचाच आवाज घडवला जाई. मग टाइप केलं की यंत्र त्यांच्या आवाजात बोले.

रेकॉर्डिंगचा प्रोग्राम मात्र हट्टी. एका जुन्यापुराण्या ऑपरेटिंग सिस्टीमशिवाय तो चालायचाच नाही. अपॉइंटमेंटचं काम दुसऱ्या सिस्टीमवर, मुलांचे सरावाचे खेळ तिसऱ्यावर. तिन्ही संगणक म्हातारे झालेले, आणि एकाला बरं केलं की दुसरा आजारी. शेवटी वायरमामाने एक दणकट मशीन मागवलं आणि तिघांचं बिऱ्हाड त्यात हलवलं.

"मधे हायपरव्हायजर नावाचा प्रोग्राम बसतो," तो थेरपिस्ट मॅडमना कौतुकाने सांगत होता. "मेमरी, डिस्क, प्रोसेसर, सगळं तो वाटून देतो. प्रत्येक सिस्टीमला वाटतं, अख्खं मशीन आपल्याच बापाचं. शेजारी कोणी राहतंय याचा पत्ताही नसतो. एक कोसळली तरी दुसरीच्या केसाला धक्का नाही!"

"बरं. मी रोज संध्याकाळी रेकॉर्डिंग बाहेरच्या डिस्कवर उतरवून घेते, ते चालू ठेवायचं ना?"

"मॅडम, कुठल्या जमान्यात आहात! मी स्नॅपशॉट घेऊन ठेवलाय. काही झालं तर एका क्लिकवर सगळं परत."

मॅडम ओशाळून हसल्या आणि त्यांनी ती डिस्क कपाटात टाकली.

त्यानंतर कोचबाई आल्या. तलावावर मुलांना पोहायला शिकवण्यात त्यांचं आयुष्य गेलेलं. आवाज असा खणखणीत, की शिट्टीची गरजच पडत नसे. पण माइकपुढे बसल्यावर त्या हळू वाचत होत्या. मॅडमनी कारण विचारलं तर म्हणाल्या, "तलावावर ओरडायला आता मला कोण बोलावणार? हा आवाज घरातला. लेकीला मूल होणार आहे." कित्येक दिवस येऊन, मधे पाणी पीत, खोकला आवरत त्यांनी वाचन पुरं केलं. मग ऑपरेशन झालं. त्या हिंडू-फिरू लागल्या की आवाज घडवायला घ्यायचा, असं ठरलं.

एका सकाळी तिन्ही सिस्टीम एकदमच गोठल्या. अपॉइंटमेंटच्या खिडकीपुढे रांग लागली, खालच्या खोलीत पोरांनी गलका केला. वायरमामाने मशीन तपासलं. मशीनची डिस्क काठोकाठ भरली होती. स्नॅपशॉटनंतर जे जे नवीन साठलं, ते वेगळ्या फायलीत जमा होत होतं, आणि ती फाइल फुगत फुगत सगळी जागा खाऊन बसली होती. स्नॅपशॉट म्हणजे काही दुसरी प्रत नव्हे, नुसती एक खूण आहे, हे त्याने कधी नीट वाचलंच नव्हतं.

पडद्यावर दोन पर्याय होते. एक, स्नॅपशॉट पुसा. दुसरा, स्नॅपशॉटवर परत जा. 'पुसा' वाचूनच त्याने माउस तिथून बाजूला नेला. पुसलं तर रेकॉर्डिंग जाईल! त्याने 'परत जा' दाबलं.

खरं तर पुसण्याने नुसती खूण गेली असती आणि नवं सगळं जुन्यात मिसळून शाबूत राहिलं असतं. परत जाण्याने मशीन गेलं थेट बिऱ्हाड हलवल्याच्या दिवसावर. तिन्ही सिस्टीम झोपेतून उठल्यासारख्या टवटवीत उभ्या राहिल्या. रेकॉर्डिंगच्या यादीत कोचबाईंचं नाव नव्हतं.

बाकीच्यांचे आवाज केव्हाच घडवून त्यांच्या हाती दिलेले होते. राहिला होता तो यांचाच.

"काय झालं हो मामा?" मॅडमनी दारातून विचारलं.

"जुनी सिस्टीम, मॅडम," त्याच्या तोंडून निघून गेलं. "कधीतरी दगा देणारच होती. कोचबाईंचं रेकॉर्डिंग तिनेच खाल्लं."

मॅडम मटकन खुर्चीत बसल्या. आणि मग त्यांनी जे केलं, ते त्याला शिव्यांपेक्षा जास्त लागलं. त्यांनी त्याला पाणी आणून दिलं. "तुम्ही तरी काय करणार? मीच डिस्कवर उतरवून घ्यायला हवं होतं."

घरी बायकोने ताट वाढलं, तर तो भात नुसता चिवडत बसला. "बरं नाही का?" तिने विचारलं. तिच्याकडे न बघताच तो हात धुवून उठला.

कोचबाईंना सांगायला मॅडम निघाल्या, तेव्हा तोही सोबत गेला. कोचबाई खिडकीशी बसल्या होत्या, गळ्याला रुमाल, मांडीवर पांढरा फळा आणि मार्कर. शेजारी लेक, पोट पुढे आलेलं. मॅडमनी सुरुवात केली, "आमच्याकडची जुनी सिस्टीम..."

"सिस्टीम नाही," वायरमामा म्हणाला. त्याची नजर फरशीवरून हलेना. "तिने काही नाही केलं. मी चुकीचं बटण दाबलं. आणि मॅडम प्रत ठेवत होत्या, तीही मीच बंद करायला लावली. वर त्यांना हसलो."

मॅडमनी मान वळवून त्याच्याकडे पाहिलं आणि लगेच नजर काढून घेतली. लेक म्हणाली, "अहो, आईने घशातून रक्त येईपर्यंत वाचलं होतं." त्याला वाटलं, धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं. कोचबाईंनी मार्करचं टोपण काढलं. मग त्यांनी लिहिलं : "आता काय करायचं?"

त्यांचा आवाज आणखी कुठे साठलेला आहे का ते शोधायचं, एवढंच उरलं होतं. लेकीने जुन्या शिष्यांना निरोप धाडले, आणि त्यांच्या पालकांनी तलावावर काढलेले व्हिडिओ येऊ लागले. ते सगळे वायरमामाने ऐकले. पाण्याचा खळखळाट, पोरांचा आरडाओरडा आणि त्यावर कोचबाई : "पाय मार! मान खाली! दमलास म्हणून कोणी सांगितलं तुला?" ओरडण्याखेरीज काहीच नाही. कानाला हेडफोन लावून तो एकेक वाक्य वेगळं काढायचा, आणि घरातला तो हळू आवाज कुठेतरी सापडेल म्हणून पुन्हा पहिल्यापासून ऐकायचा. तो सापडला नाही. मॅडम कामाचं तेवढं बोलत. त्यांच्या तोंडी ते 'मामा' आता येत नसे.

व्हिडिओंवरून आवाज तयार झाला. कोचबाई फोमच्या खोलीत आल्या, कडेवर नात. त्यांनी टाइप केलं, "झोप गं सोनुली," आणि यंत्र असं गरजलं, की नात दचकून रडायला लागली. लेकीला हसू फुटलं, तिने तोंडावर ओढणी धरली. कोचबाई हसल्या नाहीत. त्यांनी नातीला थोपटलं आणि आवाजाचं बटण खाली खाली नेलं. आवाज बारीक झाला, पण त्यातला हुकूम काही गेला नाही.

वायरमामाला तिथे उभं राहवेना. "येतो मी," म्हणत तो दाराकडे वळला.

"थांबा," यंत्र बारीक आवाजातच ओरडलं. तो थांबला. कोचबाईंची बोटं पुन्हा चालली. "बसा. हे नीट झालेलं नाही."

तो स्टूल ओढून बसला.