सतरा वस्तू आणि एक दाणा

हरेश घरतने आयुष्याची बारा वर्षं हळदीत काढली. उलव्याकडच्या गावांत हळद लग्नापेक्षा मोठी, आणि डीजेसमोर नाचणाऱ्या मावश्यांचे फोटो काढणारा माणूस उपाशी मरत नाही. पण हरेशला भलतंच वेड. तळोज्याच्या एका कारखानदाराकडच्या लग्नात त्याने हौसेने कारखान्यातल्या बॉयलरचेही फोटो काढले, आणि तेव्हापासून त्याला नवरा-नवरीपेक्षा लोखंड आवडायला लागलं. चकचकीत स्टीलमध्ये फोटो काढणाराच दिसतो, म्हणून तो घरच्या पांढऱ्या चादरी आडोशाला घेऊन एमआयडीसीत हिंडायचा. "लग्नं सोडून टाक्यांचे फोटू काढतंय, डोस्कं फिरलंय याचं," असं गाव म्हणायचं. गावाचं काय, गाव बोलतंच.

विमानाचे भाग टिपायचं त्याचं स्वप्न होतं, पण त्या कामाने त्याला सात वर्षं हुलकावणी दिली. शेवटी रबाळ्याच्या एका कारखान्याने बोलावलं. तिथे छोट्या विमानांचे पंख बनत. एक दिवस काम बघू, पसंत पडलं तर संध्याकाळी वर्षाच्या करारावर सही. दिवस ठरला दसऱ्यानंतरचा.

दसऱ्याला आईने, शेवंताबाईने, कॅमेऱ्याची पूजा केली. हळद, कुंकू, वर अक्षता. दुसऱ्या दिवशी सकाळी कामाला निघताना हरेश ते पुसायला लागला तशी ती म्हणाली, "सगला नको पुसू रं. येक दाना तरी ऱ्हाव दे." त्याने कॅमेऱ्याच्या तळाला कुंकवात चिकटलेला एक दाणा राहू दिला. आईचं मन कोण मोडणार?

कारखान्याच्या दारात वस्तू मोजून आत सोडत. कॅमेरे, लेन्स, त्यांच्या टोप्या, बॅटऱ्या, लायटी, अगदी बोटातली अंगठीसुद्धा. हरेशच्या सतरा भरल्या. मीना मॅडम, तिथल्या तपासणीच्या प्रमुख, म्हणाल्या, "सतरा आत, सतरा बाहेर. पंखाच्या पोटात इंधनाची टाकी असते. आत काही राहिलं आणि वर आकाशात नळीत अडकलं, तर तिथे गॅरेज नसतं." हरेश हसला. त्या हसल्या नाहीत.

काम झकास झालं. टाकीच्या अरुंद तोंडातून खांद्यापर्यंत हात घालून त्याने आतले फोटो काढले. उत्पादनाचे मॅनेजर नंदकिशोर जोशी ते बघून म्हणाले, "वा! चार वाजता टाकी सील करतो, पाच वाजता तुमची सही." दारात सतरा वस्तू मोजून झाल्या. हरेश पार्किंगमध्ये आला, बॅग भरायला लागला आणि कॅमेरा उलटा झाला. तळाला कुंकवाचा डाग होता. दाणा नव्हता.

साडेतीन वाजले होते. वाटेत पडला असेल, त्याने स्वतःला समजावलं. उलव्यापासून इथपर्यंत रस्ता काय कमी खड्ड्यांचा आहे? कोणाला कळणार आहे? कागदावर सतराच्या सतरा आहेत. त्याने गाडीला चावी लावली. सात वर्षं, सात वर्षं, एवढंच डोक्यात घुमत होतं. मग त्या टाकीचं काळोखं तोंड डोळ्यांसमोर आलं, आणि त्याने चावी काढली. तो धावत आत गेला.

"मॅडम, टाकी बंद करू नका. माझा तांदळाचा दाणा आत पडलाय बहुतेक."

"तांदळाचा?"

"पूजेचा. कॅमेऱ्याला होता. मी सांगितलं नव्हतं."

मीना मॅडमनी तिथल्या तिथे काम थांबवलं आणि पंखाला लाल चिठ्ठी बांधली. नंदकिशोरांचा पारा मात्र चढला. "अहो, तुम्ही फोटोग्राफर की भटजी? उद्या हा पंख जायचाय!"

नळीच्या टोकाला बसवलेला कॅमेरा आत सोडून माणसं दोन तास शोधत होती. पांढऱ्याफटक उजेडात पांढरा दाणा दिसेना. हरेश बाजूला अपराध्यासारखा उभा. शेवटी न राहवून तो बोलला, "उजेड समोरून नका मारू. पत्र्याला चिकटून आडवा टाका. दाणा नाही दिसला तरी त्याची सावली दिसेल." स्टीलवरचा बारीकसा चरा तो असाच पकडत असे.

बॅटरी आडवी झाली. कोपऱ्यात, दोन पत्र्यांच्या सांध्यात, एक लांब बारीक सावली पडली.

दाणा चिमट्याने बाहेर आला. अहवालाला फोटो हवा होता. "तुम्हीच काढा," मीना मॅडम म्हणाल्या. हरेशने काढला. नंदकिशोरांनी हळूच सुचवलं, "वस्तू कोणाची, तिथे 'माहीत नाही' लिहा. विषय संपेल, सहीही होईल." त्यांना फोटो खरंच आवडले होते. हरेशने क्षणभर पेन धरून ठेवलं आणि लिहिलं, हरेश पोपट घरत. टाकीत वस्तू सोडणाऱ्याला पुन्हा आत घ्यायचं नाही, असा नियमच होता. पास काढून घेतला आणि कराराचा कागद कपाटात गेला.

तिसऱ्या दिवशी मीना मॅडमचा फोन आला. "सोमवारी या. नवा पास होईल. जोशीसाहेबांनीच सांगितलंय."

हरेशला वाटलं, आपली थट्टा चाललीय. "पण मॅडम, नियम?"

"तुमच्या आधीच्या फोटोग्राफरने फोटो काढलेल्या दोन टाक्या इथेच होत्या, जायच्या राहिलेल्या. काल उघडल्या. एकीत लेन्स पुसायच्या फडक्याचा तुकडा निघाला. त्याच्याही वस्तू मोजणीत बरोबर होत्या." मग म्हणाल्या, "तुम्ही लगेच धावत आलात म्हणून आम्हाला उघडून बघायची बुद्धी झाली."

हरेशने फोन ठेवला. लगेच नव्हता आला तो. गाडीला चावी लावली होती त्याने, आणि ते त्याने अहवालात लिहिलं नव्हतं.