टर्बोतला बोळा

खंडेनवमीला आमच्या घरी पूजा व्हायची ती पान्यांची, स्क्रूड्रायव्हरची आणि बाबांच्या डिझेलवरच्या पिकअपची. कल्याणच्या मार्केटमधून भाजी उचलायची नि बाळकुमच्या दुकानांत पोचवायची, यावर आमचं घर उभं राहिलं. अर्धांगाच्या झटक्याने बाबांची उजवी बाजू गेली तेव्हा स्टीअरिंग माझ्या हातात आलं. धाकट्या काकांना ते मुळीच रुचलं नाही. "दादा, विकून टाक गाडी. पोरीला टर्बोतलं काय कळतंय?" हे त्यांचं पालुपद दर सणाला असायचं. त्या खंडेनवमीला तर ते गिऱ्हाईक ठरवूनच आले होते.

मला राग पटकन येतो आणि रागाच्या भरात मी कामं फार उपसते. एअर फिल्टरकडून टर्बोला, म्हणजे इंजिनात जोराने हवा कोंबणाऱ्या पंख्याला, जाणारा रबरी पाइप सोडवला, आतल्या पंख्यावरची तेलकट काजळी मऊ फडक्याने पुसली, पंखा बोटाने फिरवून पाहिला. छान फिरत होता. तेवढ्यात काकांनी चहाला हाक मारली. धूळ आत जाऊ नये म्हणून पाइपच्या तोंडात चिंधीचा बोळा कोंबला आणि गेले. चहाबरोबर टोमणेही गिळले, तणतणत परत आले आणि पाइप तसाच बसवून टाकला.

आधी गाडी चालू करून बघायची, मग पूजा, हा बाबांचा शिरस्ता. घरातला धडधाकट पुरुष म्हणून काका तबक घेऊन उभे होते. मी चावी फिरवली. इंजिन लागलं, पण दमेकऱ्यासारखं. मागून काळा धूर. आता चांगला रेस दिला की मोकळं होईल, असं म्हणून पाय ठेवणार, इतक्यात खुर्चीतून बाबा ओरडले, "बंद कर! आधी बंद कर!"

आजारपणानंतर त्यांचा एवढा आवाज मी ऐकलाच नव्हता. पाइप काढला. बोळा आत ओढला जाऊन पंख्यापासून जेमतेम चार बोटांवर आला होता. रेस दिला असता तर टर्बो गेला असता आणि त्याच्याबरोबर माझी ड्रायव्हरकीही.

"बघ दादा! मी काय सांगत होतो?" काका म्हणाले.

बाबा एकेक शब्द जुळवत बोलले, "बोळा... मीच लावायला सांगितलेला. काढ म्हणायचं राहिलं. माझी चूक."

बोळ्याबद्दल बाबांनी सकाळपासून एक अक्षरही काढलं नव्हतं. माझे डोळे भरून आले. माझी चूक इतक्या सहज स्वतःच्या अंगावर घेणारं माणूस मला बाप म्हणून लाभलं, याबद्दल मी कितीदा देवाचे आभार मानले असतील!

मग त्यांनी डाव्या हाताने काकांकडून तबक घेतलं. थोडं कुंकू सांडलं. तबक माझ्यापुढे धरून म्हणाले, "गाडी चालवतो त्याने पूजा करायची."

मी स्टीअरिंगला कुंकू लावलं, नारळ फोडला आणि त्यांच्या पाया पडायला वाकले. काकांना ऐकू जाणार नाही अशा बेताने ते कानात पुटपुटले, "अगं, दुसरा बोळा नाही ना राहिला कुठे?"