बिनविरोध आणि आफ्रिका

तमाम वाचकांना अत्यंत गांभीर्यानं कळवण्यात येतं की, आफ्रिकेच्या मुक्तिलढ्यानं शिरूर तालुक्यातली एक सोसायटी हादरवली, आणि या ऐतिहासिक घटनेला सर्वस्वी मी जबाबदार आहे.

मांडवगण फराट्याच्या अलीकडच्या एका गावात माझं व्याख्यान होतं: 'आफ्रिकेतल्या मुक्तिलढ्यांचा विचार'. नवा झब्बा घालून, अख्खा खंड मुक्त करायच्या तयारीनं मी दौंडहून निघालो. मंडपात पोचल्यावर कळलं, व्याख्यान ही नुसती फोडणी. शिजत वेगळंच होतं. गावच्या विकास सोसायटीच्या निवडणुकीत आप्पांना, म्हणजे चेअरमनना, आपलं पॅनेल याही वेळी बिनविरोध आणायचं होतं. आडवा होता एकच अर्ज, कुरकुंभच्या केमिकल कंपनीतून रिटायर झालेल्या मामांचा. अर्ज मागं घेणाऱ्याचा आधीच जाहीर सत्कार करून टाकायचा, म्हणजे त्याला माघारीची माघार घेता येत नाही, ही आमच्याकडची रीत. माझं भाषण संपलं की मामांना शाल, श्रीफळ आणि 'गावाच्या एकीसाठी मोठं मन' मिळणार होतं.

मी रंगात आलो. म्हणालो, तिथल्या विचारवंतांना गोऱ्या साहेबापेक्षा जास्त धास्ती होती ती त्याच्या खुर्चीवर डोळा ठेवून बसलेल्या आपल्याच माणसांची. आप्पांनी कडाडून टाळी वाजवली. त्यांना वाटलं, टोला मामांना. मग मी सांगितलं, पश्चिम आफ्रिकेतल्या एका चळवळीनं तर लढाई चालू असतानाच मुक्त गावांत मतदान घेतलं. स्वातंत्र्याची घोषणा नंतर.

पहिल्या रांगेतून मामा उठले. "वरनं बाँब पडत हुते, तवा?"

"हो."

"आन् एकीसाठी अर्ज मागं घ्या, आसं कुणी म्हणलं न्हाई?"

"माझ्या वाचनात तरी नाही."

मंडप खदखदून हसला. निवेदकानं घाईघाईनं मामांना सत्काराला पुकारलं. मामा स्टेजवर आले, शालीचा पोत बोटांनी नीट तपासला आणि ती परत टेबलावर ठेवली.

"ऱ्हाऊ द्या. मतदान हुंद्या. पडलो, तर पांघरा."

मागून शिट्टी आली. आप्पांचा चेहरा बघण्यासारखा झाला होता, आणि मी तो मनसोक्त बघत होतो. त्यांनी निवेदकाच्या हातातला माइक ओढला आणि सगळ्या गावाला ऐकू जाईल असे माझ्यावर ओरडले,

"आवं सर, तुमाला आफ्रिकेवर बोलायला आणलं हुतं, आमच्यावर न्हवं!"